चाच्यांचा दुसरा भाग आणि नळाची पाळी

आमच्या गल्लीत समुद्र पाहिलेला माणूस एकच. तो भाच्याच्या लग्नाला मुंबईला गेला होता आणि वऱ्हाडाच्या बसमधून त्याला डाव्या हाताला समुद्र दिसला होता. त्यावर तो अजून बोलतो. बाकी आम्हा लातूरकरांचं पाणी म्हणजे धरणात असलं तर नळाला, नसलं तर टँकरला. अशा गल्लीला समुद्री चाच्यांचं वेड लागावं, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर तो मलाच वेड्यात काढेल. पण लागलं, आणि असं लागलं की विचारू नका.

चाच्यांच्या सिनेमाचा दुसरा भाग येणार, तोही हिंदीत, हे कळल्यापासून गल्लीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. चौकात एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. साहेबांच्या डोक्यावर चाच्यांची टोपी, एका डोळ्यावर काळी पट्टी, मागे शिडाचं जहाज, आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. एकाच डोळ्याने बघणारा नगरसेवक आम्हाला काही नवा नव्हता, त्यामुळे कुणी हसलं नाही. कटिंगच्या दुकानात पोरं दाढीच्या बारीक वेण्या घालून मागत होती. ज्यांना दाढीच नव्हती ती घरी येऊन आईवर चिडत होती.

सगळ्यात मोठा चाचा आमच्या घरात होता. आमच्या ह्यांचं भुसार मालाचं दुकान आहे. एरवी दुकानातून उठवायचं म्हटलं तर घरात आग लागली असं सांगावं लागतं, आणि तेव्हाही विचारतील, कुठपर्यंत आलीय. पण चाच्यांचं नाव काढलं की तराजू तसाच लोंबकळत सोडून गिऱ्हाइकाला पहिल्या भागाची गोष्ट सांगायला बसायचे. तूरडाळ घ्यायला आलेली माणसं कप्तान जिवंत आहे की मेला यावर तासभर वाद घालायची आणि डाळ न घेता जायची. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करतात. त्या पूजेतसुद्धा ह्यांनी एकदा मधेच विचारलं होतं, की आई, तुला काय वाटतं, वाचला असेल का. आत्याबाईंनी डोळे न उघडता मान डोलावली. ती महादेवासाठी होती की कप्तानासाठी, ते कळलं नाही.

आता माझं सांगते. मलाही तो सिनेमा बघायचा होता. लई बघायचा होता. हे घरात कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. पहिला भाग मी टीव्हीवर पाहिला होता, मांडीवर परात घेऊन, ज्वारी निवडत. अगदी शेवटी कप्तानाला त्याच्याच माणसांनी जहाजाच्या फळीवर उभं केलेलं. मागे तलवारी, खाली शार्क. त्याची बायको आख्ख्या सिनेमात दोनदाच दिसते, एकदा निरोप द्यायला आणि एकदा वाट बघायला. ती किनाऱ्यावर उभी राहून वाट बघत होती. कप्तानाने एक पाऊल पुढे टाकलं आणि बाहेरून आरोळी आली, नळ आला.

मी परात सोडून पळाले. आमच्याकडे नळ आला की माणूस आधी पळतं आणि मग विचार करतं. हौद, टाकी, पिंप, घागरी भरून परत आले तर टीव्हीवर केसांच्या तेलाची जाहिरात लागलेली. पुढे तो सिनेमा कितीदा तरी टीव्हीवर लागला. दर वेळी शेवटाला नळ, नाही तर पाहुणे, नाही तर दुधवाला. शेवट काय झाला म्हणून ह्यांना विचारलं, तर म्हणाले, दुसरा भाग काढलाय म्हणजे वाचलाच असणार, एवढं पण डोकं चालत नाही का. डोकं चालत होतं. मला तो कसा वाचला ते बघायचं होतं.

तर दुसरा भाग लागला. लातुरात पहिल्या रविवारची तिकिटं हातोहात संपली. मग ह्यांनी नांदेडला फोन लावला. माझी नणंद नांदेडला असते. तिने तिथल्या थिएटरात आमच्यासाठी रविवारची तिकिटं काढून ठेवली. ह्यांची, आत्याबाईंची आणि माझी. मी फोन ठेवलेला पाहिला आणि आत जाऊन कपाट उघडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्याबरोबर थिएटरात जायची ही माझी पहिलीच वेळ होती. मोरपंखी साडी काढली, इस्त्री केली, ब्लाउज बसतो का ते बघितलं. थोडा उसवावा लागला. त्या आठवड्यात मी ह्यांच्यावर एकदाही चिडले नाही. त्यांनाच चुकल्यासारखं झालं असणार.

शनिवारी संध्याकाळी गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला. कुठेतरी जलवाहिनी फुटली आहे, त्यामुळे आपल्या भागाची शनिवारची पाळी रविवारी. आमच्याकडे नळाची पाळी हुकली म्हणजे पुढचा आठवडा शेजारच्या कूपनलिकेवर, आणि ती कूपनलिका ज्याची आहे त्याच्या तोंडावर. मी मोबाइल ह्यांच्या पुढे धरला. त्यांनी वाचला, क्षणभर विचार केला, आणि सगळा इंतजाम करून टाकला.

"तू ऱ्हा मग घरी," म्हणाले. "तुला तसंबी त्यातलं काय कळतंय. आन् टीव्हीवर येईलच की."

आवाजात राग नव्हता, कुरकुर नव्हती. पोत्याला सुतळी बांधावी तसं बोलले आणि चष्मा पुसायला घेतला. मला एवढा राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. आत्याबाई म्हणाल्या, भांड्यांचा आवाज कमी कर गं.

रविवारी सकाळी कळलं, की नुसते आमचेच नाहीत तर निम्मी गल्ली भाड्याची जीप करून नांदेडला निघाली आहे. आमच्या गल्लीत एक रीत आहे. पाळीच्या दिवशी कुणी गावाला गेलं, तर जो घरी असेल तो त्याचं पाणी भरतो. चांगली रीत आहे, मी नाही म्हणत नाही. फक्त घरी असणारी नेहमी मीच असते. शेजारच्या काकू पहिल्या आल्या. दारातूनच म्हणाल्या, "वैनी, तुम्ही हाईतच ना घरी?" आणि उत्तराची वाट न बघता किल्ली माझ्या हातात ठेवली. वर सांगून गेल्या, की गच्चीवरच्या टाकीचा कॉक अर्धाच फिरवा, पूर्ण फिरवला तर गळतो. त्यांच्या मागून दुसरी, दुसरीच्या मागून तिसरी. कुणाचा हौद आधी, कुणाची टाकी आधी, कुणाच्या मोटारीला मागून लाथ मारावी लागते, सगळ्या सूचना मिळाल्या. कुणी मला चला म्हटलं नाही. कुलपं लावून लोक निघाले तेव्हा माझ्या परकरातली नाडी किल्ल्यांच्या वजनाने खाली ओढली जात होती.

गाडीत माझी जागा रिकामी होती. ती काकूंनी घेतली. माझं तिकीटही त्यांनीच घेतलं. तिकीट वाया जायला नको, असं आमचे हे म्हणाले, आणि काकूंनी जाताना काचेतून मला हात केला. त्यांनी मोरपंखीच साडी नेसली होती. माझी इस्त्री केलेली तशीच हँगरला होती.

मग मी नळाची वाट बघत बसले. दारात मोटार आणून ठेवली, पाइप सगळ्यांच्या दारांपर्यंत पसरून ठेवले, घागरी ओळीने मांडल्या. तोटी उघडी ठेवली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. नळातून दोनदा हवा आली, आणि दोन्ही वेळा मी चटकन उठले. नणंदेने फोटो पाठवला. थिएटरच्या पायऱ्यांवर आमचे हे उभे, डोळ्यावर पुठ्ठ्याची काळी पट्टी, शेजारी आत्याबाई चाच्यांची कागदी टोपी घालून. आत्याबाई फोटोत हसतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. संध्याकाळ झाली. ग्रुपवर मेसेज आला, दुरुस्तीचं काम चालू असल्याने आज पाणी येणार नाही, पाणी उद्या. खाली हात जोडलेलं चित्र होतं.

मी कोरड्या घागरी आत नेल्या. त्या रिकाम्या असूनसुद्धा उचलवत नव्हत्या. एक दिवस गेला होता माझा, फुकट, कुणाच्याही उपयोगाला न येता, आणि त्याचं कुणाला काही वाटणार नव्हतं.

वाटलं मात्र, पण वेगळंच. जीप परत आली आणि एकेक जण किल्ली न्यायला दारात उभा राहिला. पाणी न्हाई भरलं का वैनी, असं विचारताना प्रत्येकाच्या तोंडावर असा भाव, की पाणी आलं होतं आणि मी ते सगळं पिऊन टाकलं. काकू तेवढ्या म्हणाल्या, बरं झालं बाई तुम्ही आला न्हाईत, एसीनं माझं डोकं धरलं. आत्याबाई लेकीकडेच राहिल्या होत्या चार दिवस. त्या एसीत झोपल्या, असं ह्यांनी सांगितलं, आणि मध्यंतराला उठून त्यांनी जहाज अजून पोचलं नाही का म्हणून विचारलं.

ह्यांना भूक नव्हती. सिनेमा सुटल्यावर लोह्याजवळच्या ढाब्यावर सगळे जेवले होते. तरी अर्धी भाकरी घेतली आणि बोलायला लागले. मी हात जोडून सांगितलं, "शेवट सांगू नका. मी बघणार आहे." ते म्हणाले बरं. मग खजिना, मग तोफा, मग तुफान, आणि भाकरीचा शेवटचा घास मोडता मोडता, की काय विशेष नाही गं, कप्तान खजिना घेऊन बेटावर परत येतो, बायको किनाऱ्यावर उभीच असते, ढोल वाजतात, संपला सिनेमा. आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं. इतकी वर्षं सांभाळलेली एक उत्सुकता, ती या माणसाने कोरड्यासासारखी भाकरीला लावून खाल्ली.

सोमवारी सकाळी हे दुकानात गेले. पाणी आज आहे, हे त्यांना माहीत होतं. मला काही सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? मी होतेच घरी. मी घर झाडलं, भाजी टाकली, आणि भाजी शिजेपर्यंत उभी राहून विचार केला. मग गॅस बंद केला, मोरपंखी साडी नेसले आणि घराला कुलूप लावलं. काकू अंगणात होत्या. कुठं निघालात म्हणाल्या. मी म्हटलं सिनेमाला. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय, म्हणून त्या हसल्या. मीही हसले. आणि रिक्षात बसले.

सोमवारच्या दुपारच्या खेळाला तिकीट मिळालं, पार पुढचं. मान वर करून बघावं लागत होतं, पण समुद्र असा काही अंगावर आला की मी पदर सावरून घेतला. एवढं पाणी. मी पुटपुटलेच, बापरे. मागे सगळी कॉलेजची पोरं आणि दुकानं नोकरांवर सोडून आलेले बापे होते. तोफा उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. कप्तानाने तीन जणांना तलवारीने आडवं केलं, पोरं खुर्चीवर उभी राहिली. मग भर समुद्रात जहाजावरचं गोडं पाणी संपत येतं, एकच पिंप उरतं, आणि भांडणात एक चाचा त्याला लाथ मारतो. पिंप आडवं होतं आणि पाणी फळ्यांवरून वाहत जातं. आख्ख्या थिएटरने श्वास ओढला. इतकी माणसं मेली तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. मागून एक बाप्या कळवळून म्हणाला, अरे, खाली बादली तरी लावा रे. कुणी हसलं नाही. मीही खुर्चीच्या कडेवर आले होते.

पर्समध्ये मोबाइल थरथरला. बघितलं, ह्यांचा फोन. थांबला, परत थरथरला. मग मेसेज: कुठं हाईस, नळ आलाय. मग: किल्ली कुठं ठिवलीस. मग: मोटारीचा पाइप कुठं लावायचा. समोर तुफान आलं होतं, जहाज उभं राहिलं होतं. सवयीने उठायला म्हणून मी खुर्चीच्या दांड्यावर हातही ठेवला. इतक्या वर्षांत नळ आल्यावर मी बसून राहिले असं कधी झालं नव्हतं. मग लिहिलं, किल्ली तुळशीच्या कुंडीखाली आहे. मोबाइल बंद केला आणि पर्सच्या तळाशी घातला.

शेवट आला. कप्तान बेटावर आला, बायको किनाऱ्यावर, ढोल वाजले. आणि ढोलांबरोबर थिएटर उठलं. आमच्याकडे सिनेमाच्या शेवटाला बसून राहणं म्हणजे पार्किंगमध्ये अडकणं. सगळ्यांना गर्दीच्या आधी गाडी काढायची असते, आणि सगळेच आधी निघतात म्हणून दारात गर्दी होते. मला कुठली गाडी काढायची होती? रिक्षा बाहेर उभ्याच असतात. मी बसले. पडदा काळा झाला. झाडू घेऊन एक बाई आली आणि खुर्च्यांखालचे कागद ओढायला लागली. मला म्हणाली, संपला ना मावशी. तेवढ्यात पडदा परत उजळला. सिनेमा संपला नव्हता. ती बाईपण झाडूवर हात टेकून माझ्या शेजारी उभी राहिली, आणि जे काय होतं ते आम्ही दोघींनी बघितलं.

घरी आले तेव्हा नळ येऊन गेला होता. आमचे हे अंगणात, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. पाइप आमच्या मोटारीला आणि मोटार काकूंच्या हौदाला, त्यामुळे काकूंचा हौद काठोकाठ. पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी तेच आधी घाईघाईने प्यायच्या माठात भरून ठेवलं होतं. माठात चहा केल्यासारखं दिसत होतं. काकूंनी कुंपणावरून विचारलं, खरंच गेला होता का वैनी, आणि मी हो म्हटल्यावर त्यांनी लगेच डोकं आत घेतलं.

मंगळवारी दुपारी हे दुकानातून जरा लवकर जेवायला आले. ताटावर बसले आणि भाजी पुढे-मागे सरकवत राहिले. मला वाटलं मीठ चुकलं. मग हळूच निघालं. जळकोटचं एक गिऱ्हाईक दुकानात आलेलं. त्यांनी त्याला शेवट सांगितला, चार जणांत, ढोलासकट. तो म्हणाला, शेठ, तुम्ही गाडी काढायला उठला होता का? त्याच्यापुढेही काहीतरी होतं, बरं का. काय होतं, ते त्याने काही सांगितलं नाही. नुसता हसला आणि ज्वारीचं पोतं घेऊन गेला. तेव्हा दुकानात बसलेल्या सगळ्यांनी ह्यांच्याकडे असं बघितलं, की वजनात मारताना पकडला गेलेला माणूस बरा. दोन दिवस बाजाराला सांगितलेला शेवट खोटा निघाला होता.

"तू बसली होतीस का शेवटपर्यंत?" त्यांनी ताटाकडे बघत विचारलं.

"बसले होते."

"मग? काय होतं त्यात?"

मला सांगायचं नव्हतं. कालपासून मी ते मनात घोळवत होते, आणि ते माझं एकटीचं होतं. पण त्यांनी मान वर करून पाहिलं. मला काहीतरी विचारून, उत्तरासाठी खरोखर थांबलेला हा माणूस मी फार दिवसांनी बघत होते. म्हणून सांगितलं.

"सकाळ होते. कप्तान झोपेतून उठतो. बायको नसते. तो किनाऱ्यावर पळत जातो, तर जहाज लांब गेलेलं असतं, आणि ती सुकाणू धरून उभी असते."

"म्हणजे निघून जाते?"

"हो."

"खजिना घेऊन?"

"खजिना तिथंच ठेवून. त्याच्या उशाशी."

त्यांचा घास हातात राहिला. कुठं जाते, विचारलं. ते दाखवलं नाही, मी म्हटलं, तिसऱ्या भागात असेल.

"एकटीच जाते?" त्यांनी विचारलं.

"एकटीच," मी म्हटलं, आणि त्यांच्या ताटात गरम भाकरी वाढली.